पायवाटांसाठी सामूहिक पदभ्रमंती: साताऱ्यात जमेल का?

चिमणपुरा | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहून टाकते. माझी मावसबहीण इंग्लंडात साउथॅम्प्टनला असते. तिच्या समोरच समुद्रात आईल ऑफ वाईट नावाचं बेट आहे. तिथं दर मे महिन्यात हजारो लोक एका दिवसात अख्खं बेट आडवं चालून पार करतात. पूर्वेला बेंब्रिजहून निघायचं, पश्चिम टोकाला अ‍ॅलम बे इथं पोचायचं. साडेसव्वीस मैल, म्हणजे आपले ४२ किलोमीटर आणि वर थोडं. ज्याला एवढं झेपत नाही तो अर्ध्यात कॅरिसब्रुकला थांबतो. चालणारा आधी नात्यातल्या, ऑफिसातल्या लोकांना गाठून "मी एवढं चालतोय, तुम्ही किती घालताय?" असं विचारत पैसे जमवतो आणि ते चांगल्या कामाला जातात.

बहिणीचे फोटो बघून मला आपला अजिंक्यतारा आठवला. रोज सकाळी तिथं किती माणसं चढतात! डांबरी रस्ता सोडून मंगळाईच्या बाजूनं जरा आडवाटेला लागलं की पाय कुठं ठेवावा कळत नाही, पावसानं सगळं खरवडून नेलंय. जरंडेश्वर, पाटेश्वर, कुठंही जा, तीच कथा. किल्ल्यांसाठी ओरडणारे पुष्कळ आहेत, वाटेसाठी कुणी नाही.

तर प्रस्ताव असा. सप्टेंबरात एका रविवारी सातारा ते कास चालायचं. बोगदा, यवतेश्वर, पेट्री, कास. साधारण २५ किलोमीटर. माणशी पाचशे रुपये, पाचशे माणसं. जमलेले सगळे पैसे पायवाटांच्या दुरुस्तीला. कोण कोण येणार? मोकळेपणानं लिहा, शिव्या घातल्या तरी चालतील.

राजवाडा_चौपाटी | रविवार, रात्री ९:३०

+१. टी-शर्ट कुठल्या रंगाचा ते आधी सांगा. आणि मेडलऐवजी पाव किलो कंदी पेढे द्या, गर्दी आवरणार नाही.

रानफुलं | रविवार, रात्री १०:०५

हेतू चांगला आहे, पण कास आणि सप्टेंबर हे दोन शब्द एका वाक्यात वाचले आणि पोटात गोळा आला.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलांना घेऊन दरवर्षी वर जाते म्हणून सांगते. कासचं पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सडा, उघडा सपाट कातळच. त्यावर मातीचा थर कुठं बोटभर, कुठं तेवढाही नाही. त्या मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा, कवला असल्या चिमुकल्या वनस्पती पावसाळ्यापुरत्या येतात, फुलतात, बी टाकतात आणि संपतात. सप्टेंबर हा त्यांचा बी धरायचा काळ. एक माणूस फोटोसाठी चार पावलं आत गेला की मागचे चाळीस त्याच पावलांवर जातात, आणि पुढच्या वर्षी तिथं उघडा खडक दिसतो. साडेआठशेच्या वर फुलझाडांच्या जाती नोंदल्या गेलेलं पठार आहे हे, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, ते काही आपल्या पाचशे जोडी बुटांच्या भरवशावर नाही. त्यात त्या दिवसांत रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. चालणार कुठून?

वाटा वाचवायला निघून पठार तुडवायचं, याला काही अर्थ आहे का ताई?

खडूस_सदाशिव | रविवार, रात्री ११:४०

शिव्या चालतील म्हणालात म्हणून.

मागं एका हौशी मंडळानं अशीच "निसर्गासाठी चाल" काढली होती. नाव घेत नाही. माझ्याकडूनही हजार रुपये नेले. टी-शर्ट, मेडल, फुगे लावलेली कमान, डीजे, ड्रोन, केळी, पाण्याच्या बाटल्या आणि शेवटी पाहुण्यांचा सत्कार. हिशेब मागितला तर "काका, खर्च वजा जाता उरलं ते वृक्षारोपणाला दिलं." झाडं कुठं लावली ते विचारल्यावर फोन उचलणं बंद. खड्डे मात्र दिसले नंतर, कमानीचे.

दुसरं. पाचशे माणसांकडून पाचशे म्हणजे अडीच लाख. हे कुणाच्या खात्यात घेणार? तुमच्या गूगल पेवर? नोंदणीकृत संस्था नसेल तर चांगल्या कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडं जावं लागतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१ क. गणपती मंडळं काढतात तीच परवानगी. कचेऱ्यांत उभा जन्म गेला माझा, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

चिमणपुरा | सोमवार, सकाळी ७:५०

@रानफुलं, पटलं. कास रद्द. सप्टेंबरही रद्द.

@खडूस_सदाशिव काका, टी-शर्ट नाही, मेडल नाही, कमान नाही, पाहुणे नाहीत. पैशाचं म्हणाल तर आमच्या पेठेतलं वाचनालय नोंदणीकृत आहे. त्यांच्या विश्वस्तांशी बोलते, त्यांच्या घटनेत बसत असेल तर पावती त्यांची. आता मार्ग सुचवा कुणीतरी.

राजवाडा_चौपाटी | सोमवार, सकाळी ८:०२

टी-शर्ट गेला. पेढ्यांचं काय ठरलं?

निवृत्त_ओव्हरसियर | सोमवार, दुपारी ३:१५

पोरी, मार्ग नंतर. पैसे जमल्यावर करणार काय, हे कुणी विचारलंच नाही अजून.

मी बांधकाम खात्यात होतो, घाटरस्त्यांवर नोकरी काढली. डोंगरातल्या वाटेचं दुखणं एकच, पाणी. माणसाच्या पायानं वाट दबते, पण कापली जाते ती पाण्यानं. उतारावरून येणारं पाणी वाट सापडली की तिच्यातच शिरतं, कारण तिच्यासारखा सोपा उतार दुसरा नाही. पहिल्या वर्षी बोटभर चर, तिसऱ्या वर्षी गुडघाभर नाळ. नाळीत सुटे दगडगोटे साचले की माणसं कडेच्या गवतातून चालतात. मग ती कड दबते, पाणी तिच्यात शिरतं, दुसरी नाळ तयार. देगावातून पाटेश्वरला चढा आणि खिंडीतल्या गणपतीच्या खालचा टप्पा नीट बघा. काही ठिकाणी तीन-तीन वाटा शेजारी शेजारी दिसतील, सगळ्या उकरलेल्या. मूळ वाट कोणती ते विचारलं तर म्हातारी माणसंच सांगतील.

यावर उपाय महागडा नाही, पण नेमका लागतो. वाटेला आडवी दगडांची ओळ बसवायची, सरळ काटकोनात न बसवता खालच्या बाजूला तिरकी. काटकोनात बसवली की पाणी तुंबतं, गाळ साचतो आणि पुढच्या सरीला ती ओळ उलथून जाते. तिरकी ठेवली की पाणी वेग न मोडता कडेनं बाहेर पडतं. दगड चांगला मोठा घ्यायचा, दोन माणसांनी पहारेनं सरकवावा असा, आणि दोन तृतीयांश जमिनीत पुरायचा. वर दिसतो तेवढाच दगड असेल तर तो गुराच्या एका लाथेचा धनी. चढ खडा असेल तिथं अशी ओळ दहा-पंधरा पावलांवर हवी, सौम्य असेल तिथं लांब लांब चालते. जिथून पाणी बाहेर पडतं तिथं खाली डबर पसरायचं, नाहीतर तिथंच नवा ओघळ सुरू होतो.

आता खरी गोम. ती बाहेर पडायची जागा, आम्ही तिला आउटलेट म्हणायचो, पहिल्या दोन मोठ्या पावसांत पानं, मुरूम, काटक्या यांनी बुजते. बुजली की सगळं काम फुकट, उलट जास्त नुकसान. मृगाच्या आधी एकदा आणि मग आषाढ-श्रावणात दर आठवड्याला कुणीतरी फावडं घेऊन वर जाऊन ती मोकळी करायला हवी. पंधरा मिनिटांचं काम एका ठिकाणचं. पण ते करणारा माणूस पाहिजे आणि त्याला हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, पाहिजे. तुमचे अडीच लाख एका उन्हाळ्यात दगड लावण्यात उडवलेत तर दोन पावसाळ्यांनी मी तुम्हाला तीच नाळ दाखवीन.

सांगलीकर_भडंग | सोमवार, संध्याकाळी ६:२०

काका, नमस्कार. पाटेश्वरला दोनदा आलोय, वरच्या तळ्यातली कमळं आणि त्या लेण्यांतल्या पिंडींचे नाना प्रकार बघून वेडा झालो होतो. एक शंका. एवढ्या भानगडीपेक्षा सिमेंटच्या पायऱ्या करून टाकल्या तर? आमच्या दंडोबाला चढताना कायम वाटतं, चांगल्या पायऱ्या असत्या तर आईला आणता आलं असतं.

निवृत्त_ओव्हरसियर | सोमवार, संध्याकाळी ७:०५

आईसाठी पायऱ्या हव्यात हे मान्य, आणि देवस्थानाला जिथं म्हातारीकोतारी जातात तिथं त्या कराव्यातही. पण डोंगरात सिमेंट टाकायचं म्हणजे खाली भक्कम पाया घ्यावा लागतो आणि कडेनं गटार काढावं लागतं. तेवढा खर्च कुणी करत नाही. वरवर कोबा टाकतात. पाणी त्याच्या खालून वाट काढतं, माती वाहून जाते आणि आत पोकळी होते. वरून पायरी दिसते सुबक. एक दिवस बसते खाली, सगळीच्या सगळी. मग ते तुकडे उचलायचे कुणी? दगडाची पायरी हलली तर गावातला माणूस पहार घेऊन परत बसवतो. सिमेंटला पुन्हा टेंडर लागतं.

जावळीकर | सोमवार, रात्री १०:५०

वाचतोय सकाळपासनं. आता बोलतोच.

आमी कोयनेच्या पलीकडल्या अंगाचं. धरणाच्या पाण्यानं आमच्या जुन्या वाटा पोटात घेतल्या, आता लाँचनं बामणोलीला यायचं आनि तितनं एष्टी. आजपन काही वाड्यांवरनं आजारी मानूस डोलीतनं खाली आनत्यात. तुमी ज्याला ट्रेल म्हंता ती आमच्या पोरांची शाळंची वाट हाय. तुमचा रविवार म्हंजी आमचा सोमवार ते शनिवार.

पूर्वी दसरा झाला की गाव मिळून वाट काढायचं. घरटी एक मानूस, कोयता नि कुदळ घिऊन. वाढलेलं रान तोडायचं, ढासळलेला ताल परत रचायचा. पैसं कुनी दिलं न्हाईत, दुपारला झुणका-भाकरी मिळायची. आता घरटी मानूसच न्हाई, समदी मुंबईला. म्हातारा-म्हातारी ऱ्हायलीत.

वासोट्याला येनारं लई लोक हायत. वनखातं पावती फाडतं, प्लास्टिक मोजून घेतं, ते चांगलंच हाय. पन चढावरची वळनं बगा कशी तोडल्यात. वाट नागमोडी असती ती येड्यानं काढल्याली न्हाई, बैलाला आनि डोईवर वझं असल्याल्या बाईला झेपावं म्हनून काढल्याली असती. ट्रेकवाली पोरं सरळ वरनं खाली घसरत येत्यात, हुर्यो करत. ती घसरंडी पावसात ओढा व्हती.

ताई, राग मानू नगा. पैसं जमवा, पन काम गावातल्या मानसाला द्या. साताऱ्यातनं पन्नास पोरं हातमोजं घालून येत्याली, फोटू काढत्याली नि जात्याली, असलं नको.

चिमणपुरा | सोमवार, रात्री ११:२०

राग कसला दादा. हातमोजेवाल्या पन्नास पोरांत मी पण असतेच बहुतेक वेळा.

माणदेशी_पावणा | मंगळवार, सकाळी ९:१०

श्रमदानाला एवढंही नावं ठेवू नका, जावळीकर. तुमच्याकडं पाणी जादा, आमच्याकडं नाही, एवढाच फरक. २०१६ ला गावागावांतल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी आपल्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू राज्यात पहिलं आलं, ते गावातल्या लोकांनी उन्हातान्हात चर खोदूनच. सलग समतल चर काढायचे तर आधी उतार मोजायला शिकावं लागतं. आमच्या भागातल्या पोरींना आज पाणी भरलेली एक साधी पारदर्शक नळी दिली की त्या समतल रेषा आखून देतील. पाणी पळवायचं का अडवायचं हा फरक सोडला तर ओव्हरसियर काका म्हणतात ते हेच काम आहे. माणसं जिल्ह्यातच आहेत, बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही.

पण त्यात एक गोष्ट होती: पहिल्या दिवशी गाव शिकत होतं आणि शेवटच्या दिवशी गावच शिकवत होतं. एका रविवारच्या चालीत ते जमायचं नाही.

साउथॅम्प्टनची_बहीण | मंगळवार, दुपारी २:३०

चिमणपुराची ती बहीण मीच. खातं मुद्दाम उघडलं कारण एक गोष्ट धाग्यात सुटलीय. आमच्या इथल्या त्या चालीचे पैसे वाटांना जातच नाहीत. ते जातात बेटावरच्या माउंटबॅटन हॉस्पिसला, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेतात त्या संस्थेला.

मग वाटा कोण सांभाळतं? कौन्सिल. इंग्लंडात १९४९ च्या कायद्यानं सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. नकाशात वाट आली की ती कुणाच्याही शेतातून जात असो, मालकाला ती अडवता येत नाही, आणि तिचा पृष्ठभाग चालण्याजोगा ठेवणं हे स्थानिक प्रशासनाचं कायदेशीर काम. एवढ्याशा बेटावर अशा पाचशे मैलांहून जास्त वाटा आहेत. शेतकरी गव्हात नांगर घालतो, तरी वाटेपुरतं सोडून देतो किंवा पुन्हा मोकळं करून देतो.

सगळं गोडगोड नाही. शेवटच्या टप्प्यात टेनिसन डाउन नावाची खडूची टेकडी लागते. पाऊस पडला की ती पांढरी वाट साबण लावल्यासारखी होते. शिवाय हजारो लोक एकाच दिवशी गेल्यावर गवताची दैना होतेच. आणि उत्तरेकडं लेक डिस्ट्रिक्टमध्ये तर वाटा एवढ्या झिजल्यात की दुरुस्तीचे दगड हेलिकॉप्टरनं पोत्यांतून वर टाकतात. तिथं स्वयंसेवकांचं मुख्य काम काय, माहितीय? डोंगरावर जाऊन फावड्यानं त्या पाण्याच्या वाटा साफ करणं. ओव्हरसियर काकांची पोस्ट वाचून मी हसले, शब्दनुशब्द तेच.

राजवाडा_चौपाटी | मंगळवार, दुपारी २:४४

हेलिकॉप्टर साताऱ्यात नेते आले की येतं. परत जाताना रिकामंच जातं, दोन पोती दगड मारायला सांगू.

बॉस्टनपांडू | मंगळवार, रात्री ८:००

मूळचा कराडचा, सध्या मॅसॅच्युसेट्समध्ये. बेटांचा विषय निघालाच आहे तर आमच्याजवळचं एक सांगतो. मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे, श्रीमंत लोकांचे उन्हाळी बंगले असलेलं. तिथंही दरवर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी, राष्ट्रीय ट्रेल्स दिनाला, बेट ओलांडायची सामूहिक चाल असते. तीस किलोमीटरच्या आसपास असेल. ती काढते तिथली लँड बँक.

ही लँड बँक म्हणजे सार्वजनिक संस्था. १९८६ साली स्थापन झाली. बेटावर जमीन किंवा घर विकलं गेलं की खरेदीदारानं किमतीवर २ टक्के या संस्थेला द्यायचे. त्या पैशातून ती मोकळ्या जमिनी विकत घेते, त्यातून पायवाटा काढते आणि सांभाळते. म्हणजे ज्या बंगल्यांमुळं वाटा बंद पडतात त्याच बंगल्यांच्या खरेदीतून वाटांचा खर्च निघतो. चालीच्या दिवशी लोक फक्त चालतात, नवीन जोडलेल्या वाटा बघतात.

खडूस_सदाशिव | मंगळवार, रात्री ९:१५

बॉस्टनपांडू, तुम्ही आमच्या जखमेवर नेमकं बोट ठेवलंत. यवतेश्वर चढून पुढं निघालं की दोन्ही अंगांना "प्लॉट विकणे आहे", "फार्महाऊस", "व्हॅली व्ह्यू". दर महिन्याला खरेदीखतं होतात. मुद्रांक शुल्कातला वाटा जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतींना अनुदान म्हणून मिळतोच, नवीन कर लावायचीही गरज नाही. त्यातला थोडा पायवाटांवर खर्च करायचा ठराव ग्रामसभेत कुणी मांडलाय का? मी तरी ऐकला नाही. वाटेला मतदान नसतं.

आणि साउथॅम्प्टनच्या ताईंना सांगतो, नकाशा आपल्याकडंही आहे. गावनकाशात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. सव्वाआठ! आज त्या ठिकाणी जाऊन दोन फूट वाट दाखवा. मालकानं तार ओढली, गेट लावलं, "खाजगी मालमत्ता" पाटी लावली की ट्रेकवाले निमूट वळसा घालतात आणि गावकरी भांडण नको म्हणून गप्प बसतात. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा. कलम ५. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारांकडं दावा लावायचा, अडथळा काढायचा आदेश त्यांना देता येतो. अट एवढीच की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. लोक दोन वर्षांनी येतात, "साहेब, आमची वाट." सहा महिने! लिहून ठेवा भिंतीवर.

जावळीकर | मंगळवार, रात्री ९:४०

काका, ह्ये लाखातलं बोल्लात. आमच्याकडल्या एका वाटंवर रिसॉर्टवाल्यानं गेट लावलंय. चार महिनं झालं आसत्याल. तुमाला निरोप धाडतो.

खडूस_सदाशिव | मंगळवार, रात्री ९:४२

धाडा. आजच. गावनकाशाची नक्कल असेल तर तिचा फोटोही.

रानफुलं | बुधवार, सकाळी ७:१५

वाटा दुरुस्त करताना एक विनंती. दगड वाटेच्या कडेचे उपसू नका. त्या दगडांच्या सावलीत, फटीत पुष्कळ काही जगतं. ओढ्यातले, पडीक बांधाचे घ्या, मालकाला विचारून. आणि तोडवाटा बंद करायला तारेचं कुंपण नको, काट्याच्या शिरी पुरेत. सहा महिन्यांत गवत धरतं तिथं. वनखात्याची जमीन लागत असेल तर त्यांची परवानगी काढल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

सांगलीकर_भडंग | बुधवार, सकाळी १०:३०

मी आपला प्रामाणिकपणे विचारतो. एवढं सगळं जर हजेरी देऊन गावातल्या माणसाकडूनच करून घ्यायचं, तर चालायचं कशाला? सरळ वर्गणी काढा, घरबसल्या पैसे पाठवतो.

माणदेशी_पावणा | बुधवार, सकाळी १०:५५

घरबसल्या पाठवणारे एकदाच पाठवतात.

निवृत्त_ओव्हरसियर | बुधवार, दुपारी १२:१०

सांगलीकर, प्रश्न रास्त आहे. वारीत लाखो माणसं चालतात, लोणंदला आली की आपण बघतो, त्यांना कुणी "कशाला" म्हणत नाही. पण तो भाग सोडा, माझं कारण रुक्ष आहे. साताऱ्यातल्या माणसाला नाळ म्हणजे काय ते फोटोत कळत नाही. चढताना त्याला मी तीन ठिकाणी थांबवणार: एक बिघडलेला टप्पा, एक यंदा दुरुस्त केलेला, आणि एक पूर्वी कुणीतरी केलेला पण आउटलेट बुजल्यानं वाया गेलेला. मग तो पावसाळ्यात फोन करून विचारील, "काका, साफ केलं का?" पैशापेक्षा मला तो फोन हवाय.

पाचशे माणसं मात्र नकोत. खिंडीत उभं राहायला जागा नाही. साठ, फार तर.

राजवाडा_चौपाटी | बुधवार, दुपारी १२:३०

मी ऐकलंय काही ठिकाणी चढताना प्रत्येकाला एक दगड वर न्यायला लावतात. आपण तसं करू या? माझा दगड छोटा द्या.

जावळीकर | बुधवार, दुपारी १:०५

डोंगरात दगूड घिऊन जायाचं? वर काय कमी हायत का? त्यापरीस प्रत्येकानं पान्याची एक बाटली जादा न्या. चार-पाच गडी दिवसभर उन्हात पहार मारनार, वर पानी वाहून आननं हेच निम्मं काम.

चिमणपुरा | बुधवार, रात्री ९:००

तीन दिवसांत धागा कुठल्या कुठं गेला. आता ज्यावर एकमत दिसतंय ते मांडते, नसेल तिथं टोका.

मार्ग देगाव ते पाटेश्वर, आणि आलो तसेच परत. बेट ओलांडण्याची ऐट यात नाही, पण एकाच वाटेचं काम धड होईल. डिसेंबर-जानेवारीत, सुगी आटोपल्यावर. साठ माणसं, माणशी पाचशे, म्हणजे तीस हजार. लहान रक्कम आहे. ओव्हरसियर काकांशी फोनवर बोलले, ते म्हणतात दगडाचं काम या वर्षी फक्त खिंडीखालच्या सर्वात वाईट टप्प्याचं करायचं आणि निदान निम्मे पैसे पावसाळ्यातल्या साफसफाईच्या हजेरीला राखून ठेवायचे. ते पैसे जूनच्या आधी काढायचे नाहीत. हजेरी देगावातल्याच माणसांना. वाचनालयाच्या विश्वस्तांपैकी दोघे तयार आहेत, एक कुरकुरताहेत, त्यांना खडूस काका भेटतील का?

जमीन कुठं गावची, कुठं खाजगी, कुठं वनखात्याची आहे ते आधी बघावं लागेल. गावनकाशा काढायला मी भूमी अभिलेखला जाते.

एका मुद्द्यावर मात्र माझं आणि काकांचं जमलेलं नाही. ते म्हणतात चालणाऱ्यांनी हत्याराला हात लावायचा नाही. मला वाटतं निदान शिरी ओढायला, डबर भरायला लोकांना घ्यावं. नुसतं बघून काय डोंबल कळणार?

निवृत्त_ओव्हरसियर | बुधवार, रात्री ९:२५

शिरी ओढा. डबर भरा. पहारेला हात लावायचा नाही. पाय फुटला तर दवाखान्यात कोण नेणार? तुझे तीस हजार तिथंच संपतील.

माणदेशी_पावणा | बुधवार, रात्री ९:३३

मी येतो, नळी घेऊन. उतार किती आहे ते मोजून दाखवू लोकांना. मुलांना फार आवडतं ते.

खडूस_सदाशिव | बुधवार, रात्री ९:५०

विश्वस्तांना भेटतो. कुरकुरणारे कोण ते ओळखलं मी, आम्ही एकाच वर्गात होतो. हिशेब इथंच, या धाग्यावर, प्रत्येक पावतीच्या फोटोसकट टाकायचा. नाहीतर माझे पाचशे धरू नका.

साउथॅम्प्टनची_बहीण | गुरुवार, पहाटे २:१०

माझे आणि इथल्या चार मराठी घरांचे धरा. परदेशी नागरिकांकडून पैसे घेताना वाचनालयाला वेगळी परवानगी लागते, त्यापेक्षा आई साताऱ्यात आहे, तिच्याकडून रोख घ्या. आणि ताई, तिला चालायला नेऊ नका, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कितीही हट्ट केला तरी.

चिमणपुरा | गुरुवार, सकाळी ७:३०

मावशीनं कालच विचारलं, "किती वाजता निघायचंय?" बघते कसं थोपवायचं ते.

शनिवारी सकाळी देगावच्या सरपंचांना भेटायला जायचंय. गावाला विचारल्याशिवाय पुढं काही नाही. माझ्याबरोबर कोण येतंय? ओव्हरसियर काका आहेत. गाडीत दोन जागा.

सांगलीकर_भडंग | गुरुवार, सकाळी ८:१५

सांगलीहून सकाळच्या एष्टीनं निघतो, साताऱ्याच्या स्टँडवर घ्या मला. भडंग आणतो.

राजवाडा_चौपाटी | गुरुवार, सकाळी ८:१७

दुसरी जागा माझी. पेढ्यांचा विषय मी सरपंचांपुढं काढणार आहे.